उभ्या गाडीचा खर्च

(बेट्टदपुर येथे मराठी खातेदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पिरियापट्टण, हुणसूर, कुशालनगर असं लांबून तुम्ही आलात, दुकानं अर्धा दिवस बंद ठेवून आलात, त्याबद्दल आधी आभार. इथं बसलेल्यांपैकी बहुतेक जण विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातले. कुणाच्या आजोबांनी गलाईचं दुकान टाकलं, कुणी मामाच्या दुकानात कामाला आला आणि इथलाच झाला. मी मिरजेचा. एम. कॉम. झालो, बँकेची परीक्षा दिली आणि बदल्या होत होत या सिडिलु मल्लिकार्जुनाच्या डोंगराखाली येऊन पोचलो. पहिले काही महिने मला धड कन्नड येत नव्हतं. तेव्हा काउंटरपलीकडून कुणीतरी "साहेब, तुम्ही आपल्याकडचंच का?" असं विचारलं, की जीव भांड्यात पडायचा. त्यामुळे आज तुमच्याशी बोलताना साहेबपणा बाजूला ठेवतो.

मला दिलेला विषय होता 'बचतीचं महत्त्व'. तो मी बदलून मागितला. बचतीचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार? सातशे किलोमीटरवर घर ठेवून भट्टीपुढं बसणाऱ्या माणसाला ते कळतं. मला बोलायचंय ते जमवलेला पैसा एका झटक्यात कुठं जातो त्यावर. मुदतीआधी ठेव मोडायला कुणी आलं की मी कारण विचारतो. लग्न, दवाखाना, घराचा स्लॅब ही कारणं नेहमीची. हल्ली आणखी एक कारण वरचेवर ऐकू येतं : जुनी गाडी घ्यायची आहे.

काही दिवसांपूर्वी एक वहिनी आल्या. त्यांना विचारूनच हे सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. दोन लाख दहा हजारांची ठेव, मुदत संपायला सात महिने बाकी. "मोडून द्या," म्हणाल्या. विट्याकडची एक वॅगनार बघितली होती, २०१२ ची, एमएच-१० पासिंगची, यजमानांच्या मावसभावाच्या ओळखीतली. किंमत एक लाख साठ हजार. "घरची गाडी असल्यासारखीच आहे, साहेब. फक्त बासष्ट हजार किलोमीटर फिरलीय."

मी विचारलं, "कशाला पाहिजे?"

त्यांचं उत्तर सरळ होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा म्हैसूरला दवाखान्यात न्यावं लागतं. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. आणि वर्षातून दोनदा गावाला जायचं असतं, दिवाळीला आणि जत्रेला. यात हौसेचा भाग किती? मला तरी दिसला नाही. म्हणून 'गाडी हा पांढरा हत्ती आहे' वगैरे मी काही बोललो नाही. कागद घेतला आणि म्हटलं, बसा, ती गाडी तुमच्या दारात नुसती उभी राहिली तर महिन्याला किती खाते ते आधी काढू.

हा हिशेब तुम्हीही घरी करा, म्हणून सावकाश सांगतो.

गाडी एक लाख साठ हजारांची. तीन वर्षांनी विकायची झाली, तर एवढ्या जुन्या गाडीचे एक लाख आले तरी बरेच म्हणायचे. म्हणजे साठ हजार तीन वर्षांत गेले, वर्षाला वीस हजार. दुसरं, ते एक लाख साठ हजार ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १०,४०० रुपये व्याज आलं असतं. ते आता येणार नाही. हा खर्च कुणी मोजत नाही, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. तिसरा विमा. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. २०२२ च्या जूनपासूनच्या दरानं हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी. धरा अडीच हजार. (हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. स्विफ्ट, आय-टेन बघणाऱ्यांनी हा आकडा धरावा.) चौथी दुरुस्ती. बारा-तेरा वर्षांच्या गाडीला एका वर्षी टायर, एका वर्षी क्लच, एका वर्षी बॅटरी आणि सस्पेन्शन असं धरून मी वर्षाला पंधरा हजार लिहिले. हा आकडा माझ्या वहीतला आहे, तुमचा मेस्त्री वेगळा सांगेल.

बेरीज करा : वीस हजार, दहा हजार चारशे, अडीच हजार आणि पंधरा हजार. ४७,९०० रुपये. म्हणजे महिन्याला चार हजार. यात पेट्रोलचा एक थेंब नाही. गाडी दारात उभी आहे, वर ताडपत्री आहे, सकाळी मुलगा फडक्यानं पुसतोय, आणि महिन्याला चार हजार जातायत.

वहिनी म्हणाल्या, "पण भाड्याच्या गाडीला तर किलोमीटरला तेरा रुपये घेतात!" बरोबर आहे. आपल्या गाडीला पेट्रोल किती लागेल? लिटरला १०३ रुपये धरू, पंधराचं ॲव्हरेज धरू; किलोमीटरला सात रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे स्वतःच्या गाडीत दर किलोमीटरला सहा रुपये वाचतात. चार हजार भरून काढायला महिन्याला किती फिरायला पाहिजे? चार हजार भागिले सहा. सुमारे ६७० किलोमीटर.

हा ६७० चा आकडा मी वहिनींच्या पासबुकाच्या मागे लिहून दिला. म्हैसूर इथून सत्तर किलोमीटरच्या आसपास. महिन्यात दोन फेऱ्या म्हणजे २८०. बाकीचे चारशे कुठून येणार?

गावाच्या फेऱ्यांचंही बघू, कारण आपला जीव तिथं अडकलेला असतो. हुबळी, बेळगाव, निपाणी करत विट्याला जायचं तर एका बाजूला सातशेच्या आसपास. जाऊन-येऊन चौदाशे किलोमीटर, पेट्रोल साडेनऊ हजारांवर, शिवाय टोल. चार माणसांचं रात्रीच्या बसचं तिकीट त्यांनीच सांगितलं, माणशी साधारण तेराशे, जाऊन-येऊन १०,४००. म्हणजे नुसतं पेट्रोल आणि टोल धरला तरी बसइतकाच खर्च. गाडी घेतली की गावाचा प्रवास स्वस्त होतो हा समज यातून काढून टाका. तो सोयीचा होतो, हे मान्य. सोयीला पैसे मोजायला हरकत नाही, फक्त ती सोय आहे हे माहीत असावं.

आता दुसरी बाजू. आपल्यातलेच एक दादा आहेत, आज इथं बसलेत आणि मघापासून हसतायत. तीन गावांत त्यांचं काम चालतं. आधी मोटारसायकल होती. अंगावर माल आणि रोख घेऊन अंधारात मोटारसायकलवरून फिरणं हे किती धोक्याचं, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांचा महिन्याचा हिशेब अकराशे किलोमीटरच्या वर गेला. त्यांना मी म्हटलं, घ्या, आणि लवकर घ्या. तीच गाडी, तीच किंमत. एकाला परवडते, दुसऱ्याला नाही. म्हणून शेजाऱ्यानं घेतली हे कारण या हिशेबात कुठंच बसत नाही.

समजा, तुमचा आकडा ६७० च्या वर गेला. मग गाडी बघायला चला.

तुमच्याकडे गिऱ्हाईक मोड घेऊन येतं. दागिना चकाकतो, वजन भरपूर भरतं. म्हणून तुम्ही वजनावर पैसे देता का? आधी टंच काढता. डाग किती, लाख किती, आटणीत तूट किती जाईल ते बघता. मग गाडी घेतानाच आपण 'मावसभावाच्या ओळखीतली आहे' एवढ्यावर दीड लाख मोजायला कसे तयार होतो? किलोमीटरचं मीटर हे दागिन्याचं वजन समजा. ते मागे फिरवता येतं. बासष्ट हजार फिरलेल्या गाडीचं ब्रेकचं पेडल गुळगुळीत झिजलेलं असेल, स्टिअरिंगची कातडी चकचकीत झाली असेल, तर आकडा विसरा. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. झिजला नसला तरी रबर म्हातारं झालेलं असतं. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ पांढरा थर दिसला, तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय, तिथून निघून या. चॅसी नंबर वाकून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी ताडून बघा. आणि विकणाऱ्याचा मेस्त्री नको, तुमचा न्या. पाचशे-हजार रुपये लागतात. टंच काढायला तुम्ही पैसे घेता ना? त्याला पण द्या.

हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एक गाडी मी स्वतः घेतली होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, अर्धी सांगली पाण्यात होती, ते तुमच्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. इथून तुम्ही फोन लावत होता आणि फोन लागत नव्हते. त्या पाण्यात माणसांच्या घरांबरोबर कितीतरी गाड्याही बुडाल्या. त्या नंतर गेल्या कुठं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. २०२० च्या जानेवारीत मी एका दलालाकडून एक छोटी गाडी घेतली, एक लाख पंच्याऐंशी हजारांना. सीट कव्हर नवी, आत सुगंधी बाटली लावलेली, पॉलिश असं की तोंड दिसावं. मी कॉमर्सचा माणूस, टक्केवारी तोंडपाठ. गालिचा उचलून बघायचं काही सुचलं नाही. पहिल्या पावसाळ्यात गाडीला कुबट वास यायला लागला. मग काचा वर-खाली होईनात, मग दिवे, मग रस्त्यात मध्येच इंजिन बंद. मेस्त्रीनं मागची स्टेपनी काढली, तर खाली वाळलेला बारीक गाळ. आमच्या कृष्णाकाठचाच. वायरिंग आणि बाकी मिळून अडतीस हजार घातले.

ते अडतीस हजार कुठले होते? आईनं आणि मी अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडिलांना कोरोना झाला. दवाखान्यात दाखल करायच्या आधी पैसे भरा म्हणाले. बँकेत काम करणारा मुलगा, आणि खात्यात तेवढे नव्हते. रात्री अकरा वाजता दाजींना फोन करून मागावे लागले. दाजींनी लगेच दिले, वडीलही बरे झाले. पण त्या फोनच्या आधी जी पंधरा मिनिटं मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो, ती मला अजून आठवतात. गाडी पुढे नव्वद हजारांना गेली. पुरात भिजलेली आहे हे घेणाऱ्याला सांगून विकली, म्हणून नव्वद.

तेव्हा गालिचा उचला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेषा असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. आणि गाडी घेतल्यावर खात्यात निदान तीन महिन्यांचा घरखर्च उरला पाहिजे. उरत नसेल, तर गाडीची किंमत कितीही कमी असू दे, ती तुमच्यासाठी महाग आहे.

आता कागदांचं. आपल्या लोकांची इथंच जास्त फसगत होते, कारण आपली गाडी बहुधा 'गावाकडची' असते. एमएच-१० ची गाडी इथं आणून वापरायला कायद्यानं मुभा आहे, पण बारा महिन्यांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ तसं सांगतं. त्यानंतर इथली नोंदणी करावी लागते. आपल्या भागासाठी हुणसूरचं कार्यालय, केए-४५. त्यासाठी सांगलीच्या परिवहन कार्यालयाची ना-हरकत लागते, म्हणजे नमुना २८. आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. महाराष्ट्रानं आधी घेतलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे नंतरचे, हेलपाट्यांनंतरचे. कर किती? गाडीची मूळ किंमत आणि वय यावर तो ठरतो. वहिनींच्या कागदावर मी तो रकाना कोरा ठेवला आणि म्हटलं, हुणसूरला जाऊन आकडा लिहून आणा, मग विसाराचे पैसे द्या. पलूस-विट्याकडं स्वस्त मिळालेली गाडी या एका रकान्यात इथल्या गाडीइतकी महाग होऊ शकते.

दुसरं, वय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ ला पंधरा पूर्ण करते. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याची फी पूर्वी ६०० होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. शिवाय हरित कर. म्हणजे तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, त्यातला थोडा स्वस्तपणा यामुळे असतो. विकणारा हा खर्च तुमच्या गळ्यात घालून मोकळा होतो.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०. घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. विकणाऱ्यानं त्याच राज्यात असेल तर चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात असेल तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचं. "नंतर करू हो, आपलीच माणसं" असं म्हणून वर्षानुवर्षं मावसभावाच्या नावावर गाडी चालवणारे इथंही आहेत. मी नावं घेत नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल ऐकावा. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण नोंदणीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे तुम्ही नाव बदललं नाही तर अडचणीत येतो तो तुमचा मावसभाऊ. आणि विमा? थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप येतो, तरी चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाची नो क्लेम सूट मात्र त्याच्याबरोबर जाते, ती गाडीला चिकटलेली नसते. 'पन्नास टक्के नो क्लेम आहे' असं सांगून कुणी चार पैसे जास्त मागितले तर देऊ नका.

मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकलात की नोंदणीची तारीख, विमा, आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते दिसतं. हे बँकवाला म्हणून सांगतो : कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप निघत नाही. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो काढावा लागतो. विकणारा 'कर्ज कधीच फिटलंय' म्हणत असेल तर खरंही असेल, पण बोजा निघालेला कागद बघूनच पैसे द्या. पैसे खात्यातून खात्यात, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. मोबाइलवर फोटो दाखवून, 'लष्करात आहे, बदली झाली, आधी पाच हजार पाठवा' असं सांगणारा भेटला तर तो भामटा आहे असं खुशाल समजा. पैसे गेलेच असतील तर लाजत घरी बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

कर्जाविषयी थोडक्यात. जुन्या गाडीला कर्ज मिळतं, पण व्याज चढं असतं आणि सांगण्याची पद्धत फसवी असते. दोन लाख, तीन वर्षं, 'बारा टक्के फ्लॅट'. ऐकायला बरं वाटतं. व्याज ७२,००० होतं, हप्ता ७,५५६. तेच बारा टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ६,६४३ आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय आणि तरी पूर्ण दोन लाखांवर व्याज देताय, म्हणून तो 'बारा' प्रत्यक्षात एकवीसच्या घरात जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो मागा, आणि तेवढा एकच आकडा वाचला तरी चालेल.

आणि ठेव असेल तर ती मोडण्याआधी ठेवीवर कर्ज विचारा. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दरानं मिळतं, ठेव जागेवर राहते, मुदतपूर्व मोडल्याची कपात लागत नाही. हे मी विचारल्याशिवाय सांगत नाही असा आमच्यावर आरोप असतो, म्हणून आज न विचारता सांगतोय.

बजेट वाढवून पाच-सहा वर्षांची, तीन-साडेतीन लाखांची गाडी बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला. काही नव्या गाड्यांची शोरूम किंमत आता चार लाखांच्या आत सुरू होते. जुन्या गाडीच्या विक्रेत्यानं त्याचा भाव त्याआधीच ठरवला असेल, तर तो त्यालाच ठेवू द्या.

पैशाचा नसलेला एक मुद्दा आहे, आणि तो मी सगळ्यात शेवटी ठेवायला नको होता. ड्रायव्हरपुढची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये. शेजारच्या सीटपुढची त्याच्याही नंतर. त्याआधीच्या, खास करून स्वस्त मॉडेलच्या गाड्यांत बहुधा एकही नसते. गावातल्या गावात, हुणसूरपर्यंत, ठीक आहे. पण दिवसभर भट्टीपुढं बसून संध्याकाळी दुकान बंद करायचं, पोराबाळांना मागं झोपवायचं आणि रात्रभर ट्रकांच्या मधून बेळगाव गाठायचं, हे तेरा वर्षांच्या गाडीत कुणी करायला निघालं तर मी माझ्या सख्ख्या भावाला अडवलं असतं. तुम्हालाही अडवतो. सकाळी निघा, हुबळीत मुक्काम करा. किंवा बसनं जा आणि विट्यात पोचल्यावर तिथली रिक्षा करा.

वहिनींचं काय झालं ते राहिलं. त्यांनी महिनाभर वहीत लिहिलं : कोण कुठं गेलं, किती किलोमीटर. घरातल्या पोरानं लिहिलं, कारण त्याला गाडी पाहिजेच होती आणि आकडा वाढवायला तो टपलेला होता. तरी चारशे दहा भरले. परवा त्या पासबुक भरायला आल्या. वॅगनार घेतली नाही. ठेव आहे तशी आहे. म्हैसूरच्या दोन फेऱ्यांसाठी इथल्याच एका गाडीवाल्याशी महिन्याचं बोलून ठेवलंय, तो आजींना दारातून उचलून दारात आणून सोडतो. यजमान अजून थोडे नाराज आहेत, असं त्या म्हणाल्या. मावसभावाला 'नको' म्हणणं अवघड गेलं.

आता तुमचे प्रश्न विचारा. मागं चहा ठेवलाय. ज्यांनी आरसी बरोबर आणलीय त्यांनी चहा घेऊन इकडं टेबलाशी या, बोजा आहे का ते आत्ताच मोबाइलवर बघून देतो.